सतरा वळणं

टॅनर्स आर्मच्या धक्क्यापासून शाळेपर्यंत
सतरा वळणं होती.
मी मोजलेली आहेत, दिवसातून दोनदा,
धुक्यात, बर्फात,
रस्त्याच्या मधोमध मूस ठाण मांडून उभा असताना.

नवव्या वळणावर कॉलम हाइन्स ओकायचा.
पहिलीतलं पोर, लाल लोकरी टोपी,
चेहरा बर्फात ठेवलेल्या कॉडसारखा.
मग मी त्याला माझ्यामागच्या बाकावर घेतलं,
आल्याच्या वड्यांचा डबा हाताशी ठेवला,
म्हटलं, खाली बघू नकोस. लांब बघ.
रस्ता जिथे संपतो ना, तिथे.

बारा वर्षं तो तिथेच बसला.
मिसरूड फुटलं, आवाज फुटला,
मागे पोरं चोरून सिगरेटी ओढायची,
हा आपला पुढे,
गुडघे हनुवटीला टेकतील एवढा उंच,
लांब बघत.

मासळी संपली होती तेव्हा. कारखान्याला कुलूप.
त्याच्या बापाची होडी परसात पालथी,
तिच्याखाली मांजरी व्यायच्या.
सैन्यवाले शाळेत आले, पेनं वाटून गेले.
कॉलमने उतरताना त्याचं मला दिलं.
अजून चालतं ते. डिझेलचा हिशेब त्यानेच लिहिते.

कंदाहारहून एकच पोस्टकार्ड.
पत्त्यात फक्त : व्हर्ना, शाळेची बस, न्यूफाउंडलंड.
तरी पोचलं.
अक्षराला वळण कधी नव्हतंच त्याच्या,
सगळ्या ओळी उताराला लागलेल्या :
'इथे मी गाडी चालवतो, व्हर्ना.
रस्ता सरळसोट, एक वळण नाही.
पोटातलं पाणी हलत नाही.
तरी वड्या पाठव.'

पाठवल्या. दोन डबे.
कोणी खाल्ले, कुठे राहिले,
हे कुणाला विचारायचं असतं, मला माहीत नाही.

त्या सरळ रस्त्यावरच गेला तो.
खाली पुरलेलं होतं काहीतरी.
एवढंच सांगितलं दोन अधिकाऱ्यांनी मॉर्नाला,
स्वयंपाकघरात उभं राहून, टोप्या काखेत धरून.
तिचे हात कोपरापर्यंत पिठात.
ती म्हणाली, बसा, पाव लावते आधी.
ते बसले.
पाव भाजून होईपर्यंत बसले बिचारे,
आणि जाताना तिने त्यांना एकेक बांधून दिला.

त्याला आणलं त्या दिवशी
काळ्या गाडीमागे माझी पिवळी बस,
बसमध्ये त्याचा सगळा वर्ग,
कुणाच्या मांडीवर आता स्वतःचं मूल.
कोणी बोलत नव्हतं.
नवव्या वळणाला पुढची गाडी हळू झाली
आणि माझा हात आपोआप डब्याकडे गेला.

गेल्या वर्षी सभागृहात नकाशा लावला होता.
रस्ता सरळ करणार, खडक फोडून,
सात वळणं जाणार,
आणि नाव : कॉलम हाइन्स मार्ग.
मी उठले होते बोलायला.
म्हणणार होते, नाव द्या हवं तर,
पण वळणं असू द्या,
सरळ रस्ता नको त्याच्या नावाला.
समोर मॉर्ना टाळ्या वाजवत होती.
बऱ्याच वर्षांनी ओठांना लिपस्टिक लावलेली.
मी खाली बसले.

आता दहाच वळणं.
आठ मिनिटं वाचतात. कोणी ओकत नाही.
वड्या मीच खाते, दुपारी, रिकाम्या बसमध्ये.

नववं होतं तिथे आता गुळगुळीत डांबर,
मधोमध कोरी पांढरी रेघ.
तिथे माझा पाय ब्रेकवर जातोच.
मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात.
नवी पोरं माना उंचावून विचारतात,
इथे काय आहे, व्हर्ना?

वळण आहे, म्हणते.
धरून बसा.